अंगणात पेव्हर ब्लॉक आणि पायऱ्या करालोय, खाली पीसीसी (बिनसळ्यांचं काँक्रीट) घालू की वाळूवरच बसवू?

सुळग्याचा_शिवार

बेळगावात वेंगुर्ला रोडला सुळग्याच्या अलीकडं आमचं घर आहे, ४० बाय ६० ची साइट, तांबडी माती, रस्त्यापास्नं घराकडं चढ. घर गेल्या वर्षी झालं, वास्तुशांतीपर्यंत पैसा संपला म्हणून अंगण तसंच ठेवलो. मागचा पावसाळा गेटपास्नं कट्ट्यापर्यंत सेंट्रिंगच्या फळ्या टाकून काढलो, फळीवरनं पाय सटकला की चप्पल चिखलात आणि मग ती हातानं उपटून काढायची. आईचे गुडघे दुखतात, ती जूनपास्नं गणपती येईपर्यंत खाली उतरलीच नाही, तुळशीला पाणी घालायचं काम माझ्याकडं आलं (ती वरनं रोज आठवण करून द्यायची ते वेगळं).

आता दिवाळी झाली, जमीन वाळली, काम काढलोय. गेटपाशी डाव्या अंगाला कार लावायला २० बाय १२ फूट, तिथं पेव्हर. तिथनं कट्ट्यावर जायला पायऱ्या, लेव्हल धरून बघितलो तर ३ फूट २ इंच उंची भरली. उजव्या अंगाला जुना आड आहे, पाणी एप्रिलपर्यंत पुरतं, आणि त्याच्या बाजूला फणस.

घोळ असा झालाय की मेस्त्री म्हणतोय खाली ४ इंच पीसीसी मारू, वर सिमेंटात पेव्हर बसवू, सांधे पण सिमेंटनं भरू, मग हलायचं नावच नको. पेव्हरवाला म्हणतोय सिमेंटचा थेंब लागत नाही, वाळूवर बसवायचं. मेहुणा म्हणतोय पेव्हर कशाला, सरळ काँक्रीट ओत. पायऱ्यांचं तर विचारूच नका, मेस्त्री पाचात बसवतो म्हणतोय. आणि दुकानातले ते चकचकीत पिवळे-लाल पेव्हर बायकोला लई आवडलेत. कुणी स्वतः केलेलं असेल तर सांगा, युट्यूब बघून सांगणारे नकोत, ते सगळं मी पण बघितलोय.

मोल्डवाला_मामा

उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, पेव्हर पाडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, म्हणून बोलतो. तुमचा पेव्हरवाला बरोबर सांगालाय, खरं अर्धंच सांगालाय. वाळूवरच बसवायचे, पण वाळूच्या खाली काय आहे ते कोण सांगणार? लोक माझ्याकडं येऊन ब्लॉकचा रंग बघतात, आकार बघतात, रेट पाडून मागतात, आणि खाली काय घालणार म्हणून विचारलं की "आहे तीच माती दाबून घेतो" म्हणतात. दोन पावसाळ्यांनी टायर फिरतो तिथं दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि शिव्या मला.

सिमेंटात बसवून सांधे भरले तर काय होतंय, पहिल्या वर्षी झकास दिसतंय. मग उन्हानं आणि गाडीच्या वजनानं सांध्याला केसासारखी चीर जाते, तिथनं पाणी आत शिरतं आणि खाली पीसीसी असल्यामुळं त्याला बाहेर पडायला वाट नसते. वरनं गाडी गेली की तेच पाणी सांध्यातनं पिचकारीगत वर येतं, येताना सिमेंटचा मसाला खरवडून आणतं. मग ब्लॉक डुगडुगायला लागतो, आणि तो काढायचा म्हटलं तर छिन्नी-हातोडा घेऊन शेजारचे चार फोडावे लागतात. पेव्हरची सगळी मजाच ही की उद्या पाइप फुटली तर वीस ब्लॉक उचला, काम करा, तेच ब्लॉक परत बसवा.

तर असं करा. कारच्या जागी तयार लेव्हलपास्नं खाली साडेनऊ-दहा इंच खणा. तळ पाणी मारून दाबून घ्या. मग मुरूम आणि खडी मिळून ६ इंच, खरं एकदम ओतू नका, तीन-तीन इंचाचे दोन थर करून प्रत्येक थर दाबायचा. प्लेट कॉम्पॅक्टर (दाबायचं मशीन) भाड्यानं मिळतो, धुमसानं एवढी जागा होत नाही, तिसऱ्या तासाला गडी मोबाइल बघत बसतो. हा थरच उताराला धरून करायचा. ५० ला १ असा उतार धरला तर तुमच्या २० फुटाला साधारण ५ इंच पडतो, तो घराकडनं बाहेर. वाळूनं उतार करायचा नाही, वाळू सगळीकडं सारखीच पाहिजे.

वाळू म्हणजे जाड एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू), एक इंचभर. प्लास्टरची बारीक नको, क्रशरची डस्ट पण नको, डस्ट पाणी धरून ठेवते आणि खाली लोणी होतंय तिचं. एक इंची दोन जीआय पाइप जमिनीवर ठेवायच्या, मधे वाळू टाकायची, पाइपांवरनं पट्टी ओढायची, पाइप काढून घ्यायच्या, त्यांच्या खाचेत वाळू भरायची. त्या वाळूवर मग कुत्रं पण फिरकू द्यायचं नाही. ब्लॉक लावणारा लावलेल्या ब्लॉकवर बसून पुढं सरकतो, वाळूत उभा राहत नाही. तुमचा गडी वाळूत उभा राहून लावत असेल तर तिथंच थांबवा.

आणि कड. कडेला कर्ब (कडेचे उभे ब्लॉक) काँक्रीटमधे आधी पक्के करा, मग आत ब्लॉक. कड सुटली की ब्लॉक एकेक करून बाहेर सरकतात. सगळं लावून झालं की एकदा कॉम्पॅक्टर, मग कोरडी बारीक वाळू झाडूनं सांध्यात भरायची, परत कॉम्पॅक्टर, परत वाळू. ही वाळूच ब्लॉकला ब्लॉक धरून ठेवते, सिमेंट नाही.

जाडी ६० मिमी घ्या, ग्रेड एम-३५ (काँक्रीटच्या ताकदीचा आकडा, मोठा तेवढा पक्का). आयएस १५६५८ (पेव्हरचं भारतीय मानक) मधे चालायच्या वाटेला ५० मिमी एम-३० चालतो, हलक्या गाड्यांना ६०. दारात लोड घेऊन टेम्पो येणार असेल तर ८०. घ्यायच्या आधी दोन ब्लॉक एकमेकांवर ठोकून बघा, खणकन वाजला पाहिजे, बद्द वाजला की ठेवून द्या. २०० बाय १०० चा ६० मिमी ब्लॉक पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. कडकडीत वाळलेला एक घरी नेऊन वजन करा, २४ तास बादलीत बुडवा, पुसून परत वजन करा. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या वर वाढलं तर तो ब्लॉक पाणी पितोय, आयएसमधे सरासरी ६ टक्क्यांची हद्द आहे.

शहाबादी_भक्त

निपाणीत आमच्या वाड्यात आज्ज्यानं घातलेली शहाबादी फरशी अजून आहे. उन्हाळ्यात पाणी मारून झोपतोय तिच्यावर. तुमच्या त्या ब्लॉकवर झोपून दाखवा एकदा.

मोल्डवाला_मामा

त्या फरशीवर कार चढवून दाखवा, मग झोपतो.

जांबोटी_रोडची_मेघा

मामांनी सगळं सांगितलं, चकचकीत पेव्हरचं तेवढं सोडलं, धंद्याचा माणूस ना :) ते मी सांगते, कारण मी ते घालून घेतलेत आणि पस्तावले आहे.

आम्ही खानापूरच्या पुढं. आमच्याकडं पाऊस लागला की लागला, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ते काचेसारखे चमकणारे जे असतात ना, ते रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या साच्यात ओतून काढलेले, वरचा थर गुळगुळीत. दुकानात बघताना आरशासारखा. मी पिवळा आणि चॉकलेटी असे चौकडीत घातले, सगळ्या वाड्यातल्या बायका बघून गेल्या. जुलैत त्यावर शेवाळ धरलं, दिसायला काहीच नाही, नुसतं किंचित हिरवट, आणि सासूबाई परसातनं अळूची पानं घेऊन येताना अशा सटकल्या की पानं एकीकडं, त्या एकीकडं. मनगटाला प्लास्टर. पानांच्या वड्या मी केल्या त्या दिवशी, त्यांनी डाव्या हातानं खाल्ल्या, आणि प्रत्येक वडीला मला पेव्हरवरनं एक वाक्य.

मशीनवर दाबून काढलेले जे खरबरीत असतात तेच घ्या, विशेषतः आई चालणार आहेत त्या वाटेवर. आणि पिवळ्याचा मोह असला तर वहिनींना सांगा, आपल्या भागात जूनमधे सगळं तांबडंच होतं. मातीचे पाय, मातीचे टायर, कुत्र्याचे पंजे. राखाडी किंवा विटकरी घ्या, धुवायचे कष्ट वाचतात.

अजून एक, नवीन ब्लॉकवर पांढरी पावडर फुटली तर घाबरू नका. मी ब्लॉकवाल्याशी भांडायला गेले होते. सिमेंटातला चुना ओलाव्याबरोबर वर येतो आणि हवेनं पांढरा पडतो, ब्लॉक खराब नसतो. माझ्या नवऱ्यानं बाथरूमचं अ‍ॅसिड ओतलं त्यावर, पावडर गेली आणि बरोबर वरचा रंगही गेला, तेवढा एक चौकोन आजपण वेगळा दिसतो, त्यावर कुंडी ठेवली आहे. नुसतं ब्रशनं घासायचं, दोन पावसात जाते.

येळ्ळूरकर_७

मामा, तुमचा ६ इंचाचा हिशोब तांबड्या मातीला ठीक. आमच्याकडं येळ्ळूर वडगाव बाजूला काळी माती, बासमती पिकवायला सोनं, अंगण करायला वैरी. पावसाळ्यात फुगते, मार्च-एप्रिलला भेगा पडतात, माझा हात मनगटापर्यंत आत जातो. मी ६ इंच मुरूम टाकून केलो होतो, दुसऱ्या वर्षी सगळं अंगण म्हशीच्या पाठीसारखं. परत उचललो, दोन फूट काळी काढून टाकलो, तिथं मुरूम भरून दाबलो, मुरूम आणि खालच्या काळीच्या मधे ते जाड कापडासारखं जिओटेक्स्टाइल असतंय ते अंथरलो म्हणजे चिखल वर खडीत मिसळत नाही. आता चार वर्षं झाली, सरळ आहे. ब्लॉक तेच जुने वापरलो, एकपण नवीन घेतलो नाही, हे एक पेव्हरचं खरंच बरं.

प्लॅस्टिकचा कागद कोण अंथरायला सांगितला तर ऐकू नका, गवत येत नाही म्हणून मी पहिल्यांदा तोच घातलो होतो. पाणी त्यावर साचून वाळूचं पिठलं झालं. आणि लव्हाळा तरीपण आलाच.

सुळग्याचा_शिवार

सगळ्यांचे आभार. बायकोला मेघाताईंचं अळूच्या वड्यांचं वाचून दाखवलो, पिवळा कॅन्सल झालाय, विटकरी फायनल. मेस्त्रीला वाळूचं सांगितलो तर तो दोन दिवस रुसून आलाच नाही.

पायऱ्यांचं कुणी बोललं नाही. ३ फूट २ इंच, पाच पायऱ्या. पायऱ्यांना पण पेव्हरच वाळूवर बसवू काय? गेटपास्नं कट्ट्यापर्यंत जागा १६ फूट आहे, कमी नाही. आणि आडाचं काय, त्याच्या बाजूनं पेव्हर घेतले तर झरा आटेल म्हणून आई कटकट करालीय.

जुना_ओव्हरसियर

पायऱ्यांवर मी बोलतो, नोकरीत असताना सरकारी इमारतींच्या पायऱ्याच जास्त करून घेतल्या आणि निवृत्तीनंतर आता त्याच चढायला त्रास होतो.

३ फूट २ इंच म्हणजे ९६ सेंटिमीटर धरा. मेस्त्रीच्या पाच पायऱ्या केल्या तर एकेक चढ १९ सेंटिमीटरच्या वर जातो. घरातल्या जिन्याला कोण करतात तसा, खरं उघड्यावर, पावसात, दुखऱ्या गुडघ्यांना तो लई झाला. सात चढ करा. ९६ भागिले ७, म्हणजे पावणेचौदा सेंटिमीटर. आता पाय ठेवायची रुंदी. जुना ठोकताळा असा की दोन चढ अधिक एक रुंदी मिळून ६० ते ६५ सेंटिमीटरच्या आसपास यावं, माणसाचं एक पाऊल तेवढं पडतं. बाहेरच्या पायऱ्यांना मी वरचा आकडा धरतो. दोन चढांचे साडेसत्तावीस, राहिले ३७. म्हणजे ३७ सेंटिमीटर, जवळजवळ पंधरा इंच रुंद पायरी. तेवढ्यात चप्पल घातलेला पाय अख्खा बसतो आणि शिवाय आईला एका पायरीवर दोन्ही पाय आणून दम खाता येतो. गुडघे दुखणारी माणसं तसंच चढतात, एक पाय, दुसरा पाय, मग पुढची. बघा एकदा त्यांच्याकडं.

जागा आहे तर सातही सलग चढवू नका. खाली तीन चढ, मग चार फुटांचा सपाट टप्पा, मग वर चार चढ. सगळं मिळून १० फुटांत बसतं, तुमच्याकडं १६ आहेत. टप्प्यावर तुळस येते का बघा. एका बाजूला तरी पाइपचं कठडं पाहिजे, आज नको म्हणतील, दोन वर्षांनी स्वतः मागतील.

पायऱ्यांना पेव्हर वाळूवर चालत नाहीत. सपाटीला चारी बाजूंनी कर्ब असतो, पायरीच्या पुढच्या कडेला धरायला काहीच नसतं आणि आपला पाय नेमका त्याच कडेवर पडतो. वाळू निघून जाते, पुढचा ब्लॉक हलतो, माणूस पडतो. पायऱ्यांखाली काँक्रीटच पाहिजे, तुमच्या मेस्त्रीचा रुसवा तिथं काढा, त्याला ते काम द्या. चढाला उभे जांभ्याचे चिरे लावा, आपल्या भागात मिळतात आणि विटकरी ब्लॉकला रंग पण जुळतो. वर पाय ठेवायला मसाल्यात बसवलेले पेव्हर चालतील, नाहीतर ५०-६० मिमीची एकसंध खरबरीत काँक्रीटची लादी पाडून घ्या, मला लादी बरी वाटते, सांधे कमी. पुढं दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नका. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूस सहा-सात मिलीमीटर उतार, म्हणजे पाणी थांबत नाही.

आता सगळ्यात मुख्य. सातही चढ सारखे पाहिजेत. मेस्त्री खालनं सुरू करतो, वर जाईपर्यंत उरेल ती शेवटची पायरी करतो, आणि ती तीन-चार सेंटिमीटरनं कमी-जास्त येते. एका कार्यालयात आम्ही अशी एक पायरी ठेवून बसलो होतो, फायली घेऊन येणारा प्रत्येक शिपाई तिथंच अडखळायचा, डोळ्यांना दिसायची नाही पण पायाला कळायची. पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो, पुढच्या तो न बघता चढतो. म्हणून आधी भिंतीवर सातही रेघा मारून घ्या, आणि त्या तयार लेव्हलवरनं मारा. खाली पेव्हर अजून बसायचे असतील तर त्यांची जाडी आधी धरा. इथंच निम्मे लोक चुकतात, पायऱ्या मातीवरनं मोजतात, मग खाली पेव्हर चढले की पहिली पायरी आखूड होते.

मोल्डवाला_मामा

ओव्हरसियर साहेब बरोबर. लादीला माझ्याकडं या म्हणत नाही, कुणाकडनंपण घ्या, खरं २८ दिवस व्हायच्या आत उचलू नका. सीझनला ओली-ओलीच गाडीत भरतात. आणि कट्ट्याच्या भिंतीला लागून पेव्हर घेताना जोत्याच्या डीपीसीच्या (ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घालतात तो थर) खाली किमान सहा इंच राहू द्या, नाहीतर पावसाचे शिंतोडे भिंत ओली करतात.

आडाचं सांगतो. आईंचं म्हणणं खोटं नाही. काँक्रीट ओतला असतात तर सगळं पाणी गेटातनं गटारीत गेलं असतं. वाळूच्या सांध्यातनं थोडं मुरतं, सगळं नाही, वर्षागणिक सांधे गाळानं भरत जातात. म्हणून आडाच्या बाजूला पेव्हर नेऊच नका, आडापास्नं दहा-बारा फुटांवर खडी भरलेला एक खड्डा करा, छपराचं पाणी तिकडं सोडा. पेव्हरवरचं पाणी थेट आडात नको, गाडीचं ऑइल असतंय. फणसाभोवती पण तीन फूट मोकळं सोडा. मूळ जाड झालं की ब्लॉक उचलतंच, फणस तुमचं ऐकत नाही.

जांबोटी_रोडची_मेघा

फणसाखाली पेव्हर घातले तरी उन्हाळ्यात पिकलेला फणस पडून जे होतं ते धुवायला कोण येणार आहे. मामा बरोबर सांगतायत, मोकळं सोडा.

सुळग्याचा_शिवार

धागा वर आणतोय, जुलै उजाडला म्हणून हिशोब देतो.

काम जानेवारीत झालं. मेस्त्रीला पायऱ्या दिलो तसा तो खुशीत आला, भिंतीवर सात रेघा मी स्वतः मारून दिलो, त्यानं दोनदा "कशाला एवढं" म्हटलं, मी दोनदा चहा पाजलो. चिरे बसवल्यावर तोच रस्त्यावरनं जाणाऱ्यांना बोलावून दाखवायला लागला. टप्प्यावर तुळस आली. कठडं आईनं नकोच म्हटलं होतं, आता हात ठेवूनच उतरते, त्यावर मी काही बोलत नाही.

एक चूक झाली. कर्ब घालायच्या आधी गेटजवळचा नळ हलवायचा राहिला, नंतर पाइप टाकताना एका कोपऱ्यात पाच-सहा ब्लॉक उचलून तसेच बसवले, खाली दाबलो नाही. मागच्या आठवड्यात तीन दिवस जोराचा पाऊस झाला, सगळं अंगण अर्ध्या तासात कोरडं, तेवढ्याच कोपऱ्यात बशीएवढं डबकं, त्यात शेजारचं मांजर येऊन पाणी पितंय. दसऱ्यानंतर उचलून परत भरून घेतो. आडाला पाणी मागच्या जुलैपेक्षा एक हात वर आहे, खरं पाऊस पण जास्तच झालाय म्हणा.

मामा, तुमची ती बादलीवाली परीक्षा मी दुकानदाराच्या दुकानातच केलो. पहिला ब्लॉक २४ तासांनी २५० ग्रॅमनं वाढला. दुकानदार म्हणाला तुमचा काटा खराब आहे. मग दुसऱ्याकडनं घेतलो.

मोल्डवाला_मामा

काटा कसला होता?

सुळग्याचा_शिवार

बायकोचा, रव्याचे लाडू मोजायचा.